अंगणवाडीत कुणाची पोरं असतात ते मी सांगते

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला भावजयीचा फोन आला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "अक्का, उद्यापासनं बाळाला अंगणवाडीत पाठवत न्हाई बघा मी. व्हॅनवाल्याला सांगून ठेवलंय." मला वाटलं पोरगं पडलं बिडलं की काय, कुणी मारलं की काय. तसलं काही नव्हतं. गावच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता आणि तो तिनं तीनदा वाचला होता.

आमचं गाव जत तालुक्यात, उमदी-संखच्या बाजूला. मी सांगलीत असते. भाचा चार वर्षांचा आहे, घरापासून दोनशे पावलांवरच्या अंगणवाडीत वर्षभर जातोय आणि आनंदानं जातोय, सकाळी स्वतः चप्पल शोधतो. आता त्याला उठवून, अर्धवट झोपेत कोंबून, चौदा किलोमीटर लांबच्या नर्सरीत न्यायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी भाऊ सोसायटीतनं उचल काढायच्या विचारात. एका मेसेजपायी. म्हणून मी एवढं लिहायला बसलेय आणि लांबलं तर लांबू दे.

मेसेज तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडं आला असणार. "पालकांनो वेळीच जागे व्हा" अशी सुरुवात आहे. त्यात म्हटलंय की अंगणवाडीत शिकवत काहीच नाहीत, खिचडी चारून घरी पाठवतात. तिथं ऊसतोडीची, पालावरची, कानडी पोरं असतात आणि त्यांच्यात बसून आपल्या मुलांची भाषा आणि वळण बिघडतं. जत तालुक्यात अंगणवाडीतल्या ४० टक्के मुलांना रंग आणि अंक ओळखता येत नाहीत, पुरावा म्हणून एका तक्त्याचा फोटो. पट घसरलाय म्हणजे लोकांनीच अंगणवाडी नाकारलीय. सेविका फुकटचा सरकारी पगार घेतात. आणि अंगणवाडीतनं आलेल्या मुलाला पुढं चांगल्या शाळेत पहिलीला घेत नाहीत. खाली दहा ग्रुपला पाठवा वगैरे.

शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो दोन ओळीत संपतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ वाचा. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला, परीक्षा-मुलाखत घ्यायला बंदी आहे. पहिलीसाठी वय बघतात, पोरगं आधी कुठं बसत होतं ते नाही. एखाद्या शाळेनं तुम्हाला अंगणवाडीवरनं अडवलं असेल तर ती शाळा कायदा मोडतेय, तिच्याबद्दल तक्रार करायची सोडून आपण अंगणवाडीला कशाला दोष द्यायचा.

सेविकांच्या पगाराचं. पगार नाही, मानधन म्हणतात त्याला, हा शब्दातला फरक सेविकांना चांगला माहितीय कारण त्याच फरकामुळं त्या कधी सरकारी कर्मचारी झाल्याच नाहीत. २०२३ मधे राज्यात सेविकेचं मानधन १० हजार झालं, त्यात केंद्र २०१८ पासून ४५०० च धरतं आणि त्यातला फक्त आपला वाटा देतं, बाकीचे राज्य. त्याच वर्षी डिसेंबरमधे त्या संपावर गेल्या आणि थंडीत आझाद मैदानापर्यंत जाऊन बसल्या, नंतर थोडी वाढ झाली. ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे ठरायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, २०२२ साली. ज्याला हे फुकटचं वाटतं त्यानं एक आठवडा त्यांची रजिस्टरं भरून बघावीत. पुढं जाते.

पट घसरलाय, हे खरं आहे. पण का? मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा तरी विचार केला का की गावात पोरंच किती जन्मतायत? २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांच्या आसपास वाढली, सांगलीची ९ च्या आसपास आणि शेजारच्या साताऱ्याची ७ टक्के सुद्धा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ आलाय, म्हणजे एका बाईमागं सरासरी दोन मुलं पण नाहीत. त्यात जी आहेत ती गावात राहतात कुठं. आटपाडी-खानापूरकडं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी कुटुंबंच्या कुटुंबं तमिळनाडू, केरळ, दिल्लीकडं गेलेली, माण-खटावचे लोक मुंबईला, आमच्याकडचे एमआयडीसीला. आणि अजून एक बोलते, कुणाला बोचलं तर बोचू दे. २००१ च्या जनगणनेत आपल्या सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागं ८५१ मुली होत्या. ज्या जन्माला येऊच दिल्या नाहीत त्या पटावर कुठनं येणार? आणि लोकांनी नाकारलंय म्हणता, तर 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भागाचाच आहे, त्यात देशभरात कुठल्या ना कुठल्या पूर्वप्राथमिकमधे जाणारी तीन वर्षांची मुलं २०१८ ला ६८.१ टक्के होती ती ७७.४ झालीत, आणि तीन-चार वर्षांच्या वयात सगळ्यात जास्त मुलं कुठं जातात, तर अंगणवाडीत. महाराष्ट्र तर या वयात जवळजवळ सगळी मुलं कुठंतरी जाणाऱ्या राज्यांपैकी एक. नाकारलेली गोष्ट अशी दिसत नाही.

आता तो ४० टक्के. यासाठी मी शनिवारी पहाटेची एसटी धरून गावाला गेले, कारण भावजयीनं फोटो बघून सांगितलं होतं की अक्का, हा तक्ता आपल्या शेजारच्या वस्तीवरचा हाय, अक्षर ओळखीचं हाय.

वस्तीवर छोटी अंगणवाडी आहे, पूर्वी मिनी म्हणायचे. एक खोली, पुढं पत्र्याची सावली, भिंतीवर फळांची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी. पटावर चौदा पोरं. त्यातली पाच वर्षं पूर्ण झालेली, म्हणजे पुढं पहिलीला जाणारी, किती? पाच. तो तक्ता त्या पाच मुलांचा आहे. दोघांच्या नावापुढं रंग आणि अंक या रकान्यात काही नाही. पाचात दोन म्हणजे ४० टक्के. झालं, एवढाच हिशेब. तालुक्याचा बिलुक्याचा काही संबंध नाही. त्या दोघांपैकी एकानं जरी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर तोच आकडा २० वर आला असता, दोघं बोलले असते तर शून्य, आणि तिसरं एखादं रुसून बसलं असतं तर ६०. एका पोराच्या एका सकाळच्या मूडवर वीस-वीस टक्के इकडं तिकडं होत असतील तर त्याला टक्केवारी म्हणायचंच कशाला. आपल्याकडच्या छोट्या वाड्यावस्त्यांवर अशाच पाच-सात मुलांच्या अंगणवाड्या आहेत, तिथं टक्के काढूच नयेत, नावानिशी एकेक मूल बघावं. जतसारख्या तालुक्यात तर एका गावाचं दुसऱ्याला लागू पडत नाही, पश्चिमेला मराठी, पूर्वेला कानडी, कुठं पाणी आलेलं, कुठं टँकर.

तर मी ती दोन मुलं बघितली.

एक मुलगी. तिचे आईबाप दिवाळी झाल्यावर वाळव्याच्या बाजूला ऊसतोडीला गेले होते, ती बरोबर. परत आली आणि आठ दिवसांत हा तक्ता भरला. म्हणजे पाच महिने ती अंगणवाडीत नव्हतीच, उसाच्या फडात होती, आणि गुण मात्र अंगणवाडीच्या नावावर पडले. शाळेतल्या मोठ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं तरी असतात, तीन-चार वर्षांचं पोर आई सोडून कुठं ठेवणार, ते कडेवर बसून फडातच जातं. आता ती रोज येते. मी गेले तेव्हा मणी ओवत बसली होती, एक लाल एक पिवळा, एक लाल एक पिवळा, चुकला की जीभ बाहेर काढून परत सोडवायची. मला तिचं काहीच कमी दिसलं नाही.

दुसरा मुलगा. त्याच्या घरी कानडी बोलतात, आईला मराठी समजतं पण बोलताना अडखळते. तक्ता भरला त्या महिन्यात तिथली सेविका लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती, अतिरिक्त कार्यभार दुसऱ्या गावच्या बाईंकडं, त्यांना कानडी येत नाही. त्यांनी मराठीत विचारलं, पोरगं गप्प राहिलं, त्यांनी रकाना मोकळा ठेवला. त्यांचा पण दोष म्हणवत नाही, दोन अंगणवाड्या एकटीनं बघत होत्या.

मी त्याच्यापुढं बाटलीचं लाल टोपण धरलं आणि विचारलं, बाळा हा कुठला रंग? त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं. शब्द नाही. मग सेविका, पोरं त्यांना अक्कोरू म्हणजे कानडीत बाई म्हणतात, त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "इदु याव बण्णा?" पोरगं वाकून टोपणाला बोट लावून म्हणालं, "केंपु!" एवढ्या जोरात की बाकीची सगळी बघायला लागली. मग थांबेचना. पिवळं हळदी, हिरवं हसिरु. मग टोपणं ओळीनं मांडून मोजायला लागला, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, करत करत चौदापर्यंत, हदिनाल्कु म्हणाला आणि माझ्या मुठीत अजून आहे का ते उघडून बघितलं.

हा मुलगा त्या मेसेजमधे "रंग-अंक न येणारा" आहे. जतच्या निरक्षर भविष्याचा पुरावा म्हणून तीन-चारशे लोकांच्या मोबाईलवर फिरतोय.

आणि इथंच मी त्या मुद्द्यावर येते ज्यानं मला मंगळवारी झोप लागली नाही. "तिथं कसली पोरं असतात बघा." हे वाक्य.

माझी आजी घरात कानडीच बोलायची. बाजारात मराठी, देवळात दोन्ही. मी स्वतः त्याच गावच्या बालवाडीत बसलेय, म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबानं मी पण तसलंच पोर. २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांची भाषा केली तेव्हा सगळ्या चॅनेलवर आमची गावं दिसत होती, जत महाराष्ट्राचं आहे म्हणून मोठमोठे लोक बोलत होते. गाव महाराष्ट्राचं, मग त्या गावातलं कानडी बोलणारं पोरगं कुणाचं? त्याच्या शेजारी बसलं की तुमच्या मुलाचं वळण बिघडतं?

ऊसतोडीच्या पोरांचं तर काय बोलू. सीझन सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यानं जाताना कोप्या दिसतात, उसाचं पाचट आणि प्लास्टिकचा कागद. आई पहाटे कोयता घेऊन बाहेर पडते, धाकटं फडाच्या कडेला वाढ्याच्या ढिगावर झोपवलेलं असतं आणि त्याच्याकडं लक्ष द्यायला पाच-सहा वर्षांचं मोठं भावंड. त्या पोराला सहा महिन्यांनी गावात आल्यावर एक खोली मिळते जिथं त्याचं वजन कुणीतरी करतं, लस चुकलीय का बघतं, गरम उसळ-भात देतं आणि गोष्ट सांगतं. ती खोली पण त्याच्याकडनं काढून घ्यायची? का तर तुमच्या पोराच्या मांडीला मांडी लागते म्हणून?

ज्यांना अंगणवाडी हा शब्द हलका वाटतो त्यांना तो शब्द कुठनं आला ते माहिती नसतं. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, पुढं १९५७ ला त्या कोसबाडला गेल्या, वारली पाड्यांमधे. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मोठ्या घरच्या मुलांची बालमंदिरं चालवून आल्या होत्या, सगळं साहित्य, सगळी सोय असलेली. इथं त्यांना दिसलं की पाड्यावरची पोरं बालवाडीपर्यंत येऊच शकत नाहीत, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, शेळ्या राखायच्या असतात. मग बालवाडी पोरांच्या अंगणात न्यायची. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. महागडी खेळणी नव्हती, शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्रानं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. म्हणजे ज्या पोरांना बघून तुम्ही नाक मुरडताय, अंगणवाडी मुळात निघालीच त्यांच्यासाठी, आणि आपली पोरं तिथं बसतात हा आपला फायदा आहे.

आमच्या गावच्या अंगणवाडीत सरपंचाची नात आहे, दोन मेंढपाळांची पोरं आहेत, दुकानदाराची मुलगी आहे, माझा भाचा आहे, ऊसतोडीची चार-पाच आहेत. गावात जेवढे प्रकारचे लोक तेवढ्या प्रकारची पोरं. अजून कसली असायला पाहिजे होती?

भावजयीला नेमकं कुठं लागलं ते मला नंतर कळलं. ती तासगावची, तिला कानडी येत नाही. पोरगं घरी येऊन पाणी मागताना "नीरु" म्हणायला लागलं, शेजारच्या आजीशी कानडीत बोलायला लागलं, आणि हिला कळेना तो काय बोलतोय. मेसेजमधलं "भाषा बिघडते" तिला तिथं जाऊन बसलं. तिला मी एवढंच सांगितलं की त्याची मराठी जाऊन कानडी आली असं झालेलं नाही, मराठी आहेच, वर एक भाषा आली, आणि त्या भाषेत त्याची पणजी, म्हणजे माझी आजी, आयुष्य जगली. नर्सरीत दोन वर्षं पैसे भरून तीस इंग्लिश शब्द आले असते तर आपण पाहुण्यांपुढं म्हणून दाखवायला लावलं असतं. इथं फुकट एक अख्खी भाषा आली तर बिघडलं कसं?

आता शिकवत काहीच नाहीत, हा मुद्दा. इथं मला अर्धं कबूल करावं लागतंय, आणि जिवावर येतंय पण करते. शिकवणं कमी होतं. मी शनिवारी साडेतीन तास बसले होते, सलग गोष्ट-गाणी-खेळ असं किती वेळ झालं, तर मोजून वीस-पंचवीस मिनिटं. पण बाकीचा वेळ ती बाई बसली नव्हती. तिनं खोली झाडली, हजेरी घेतली, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर फोटो टाकायला रेंज येईना म्हणून शेजारच्या स्लॅबवर चढली, दोन मुलांची वजनं केली, एक गरोदर बाई आली तिचं कार्ड भरलं, जेवण वाढलं, एका पोरानं चड्डी ओली केली ती बदलली, मधेच पर्यवेक्षिकांचा फोन आला की कुठलीतरी माहिती एक वाजायच्या आत पाठवा. सहा सेवा आहेत अंगणवाडीच्या, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे आजारी मुलाला पुढं दवाखान्यात पाठवणं, आहार-आरोग्य शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण ही त्यातली एक. वस्तीवरच्या या अंगणवाडीत तर मदतनीस पण नाही. एका बाईच्या हातात किती तास असतात?

हे माझं रडगाणं नाही, यावर नीट प्रयोग झालाय. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्या घेतल्या, चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडून निम्म्या अंगणवाड्यांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जादा बाई दिली. बाकी काही बदललं नाही, तीच पोरं, तीच गावं, तीच सेविका. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा हा अभ्यास आहे. काय झालं? शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानं जी मुलं अंगणवाडीत टिकून होती त्यांची गणित आणि भाषेतली प्रगती दुसऱ्या निम्म्या अंगणवाड्यांपेक्षा स्पष्ट पुढं होती, भाषेत तर जास्तच. आणि शिकवण्याचं ओझं कमी झाल्यावर आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडं बघायला वेळ मिळाला, तर खुरटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाण पण कमी निघालं. एका अर्धवेळ बाईनं. मला या सगळ्या भांडणात हा एकच कागद पुरेसा वाटतो, कारण तो सांगतो की खोट पोरांत नाही, त्यांच्या जातीत-भाषेत-धंद्यात नाही, सेविकेत पण नाही, हात कमी पडतायत. ज्याला खरंच जागं व्हायचंय त्यानं ग्रामसभेत उभं राहून मागावं की आमच्या वस्तीवर मदतनीस द्या, शिकवायला अजून एक बाई द्या. ग्रामपंचायतीच्या निधीतनं काय करता येतंय ते ग्रामसेवकाला विचारावं.

खिचडीचं पण एक राहिलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरलं होतं आणि खर्चाचा दर वर्षानुवर्षं दिवसाला ८ रुपये धरलेला. आठ रुपयांत आज चहा येत नाही. त्यात ती बाई डाळ, मटकी, भात बसवते. घरी न्यायच्या कोरड्या आहाराची पाकिटं मात्र काही घरात म्हशीच्या आंबोणात जातात, हे खरं आहे, मी बघितलंय, चव मुलांना आवडत नाही म्हणून. ते सुधारायलाच पाहिजे.

आणि ज्या नर्सरीकडं पोरं पळवायची म्हणताय तिथं काय चालतं ते मला विचारा. डीएड झाल्यावर मी चार वर्षं सांगलीत एका इंग्लिश मीडियम नर्सरीत होते, नाव घेत नाही. साडेतीन वर्षांच्या पोराच्या बोटात पेन्सिल धरून डिसेंबरच्या आत एबीसीडी लिहून संपवायची, कारण गॅदरिंगला पालक येतात आणि वह्या मांडून ठेवायच्या असतात. बोटं अजून कणकेच्या गोळीसारखी असतात हो त्या वयात. एक पोरगी रोज एस उलटा काढायची आणि मी रोज खोडून परत काढायला लावायचे, एक दिवस तिनं वही उघडायच्या आधीच रडायला सुरुवात केली. ते मी विसरले नाही. २०२२ ला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यात सरळ म्हटलंय की तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तक नको, खेळ, गोष्टी, गाणी, माती, मणी यातनं शिकू द्या. म्हणजे त्या वस्तीवरची मुलगी लाल-पिवळे मणी ओवत होती ते शिकणंच होतं, आणि माझ्या वर्गात ज्याला शिकणं म्हणत होतो त्याची त्या वयात गरज नव्हती. सगळ्या नर्सऱ्या अशाच असतात असं मी म्हणत नाही. पण व्हॅन, टाय, डबा आणि इंग्लिश नाव एवढ्यावर विश्वास टाकून घराशेजारची जागा सोडू नका. भाऊ ज्या नर्सरीसाठी उचल काढणार होता तिथं एकदा जाऊन वर्गात तासभर बसायला मागा म्हटलं. भाऊ गेला. बसू दिलं नाही, फी भरल्यावर ओपन डेला या म्हणाले. उचल काढायचं तिथंच थांबलं.

भाचा बुधवारी घरी होता, गुरुवारपासून परत जायला लागला. भावजय आता सोडायला गेली की दहा मिनिटं थांबते, अक्कोरूंकडनं दोन-चार शब्द शिकते.

हे सगळं मी ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज दिसला तिथं टाकतेय. माझ्याशी वाद घालायचाय त्यांनी जरूर घाला, पण त्याआधी एक काम करा. त्या फोटोतला तक्ता जरा मोठा करून बघा. पाच मुलांची पूर्ण नावं, आडनावासकट, जन्मतारखा आणि वजनं स्पष्ट वाचता येतायत. त्यातल्या एका मुलीची आई आमच्या शेतात भांगलायला येते, तिच्या मोबाईलवर पण तो आलाय, तिला वाचता येत नाही म्हणून तिनं थोरल्या पोराकडनं वाचून घेतला. ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांनी आधी तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करा, आणि जिथं डिलीट होत नसेल तिथल्या ॲडमिनला फोन करून काढायला लावा. आजच.